समोर छक्की असताना

३ फेब्रुवारी

प्रशिक्षण संपलं. आजपासून मी कॅसिनोत पत्ते वाटणारी बाई. पन्नाशीला दोन कमी असताना बाईने नवीन काही सुरू करायचं म्हटलं तर लोक बागकाम सुचवतात. मला बागेत अळ्या दिसतात, फुलं दिसत नाहीत.

बावीस वर्षं कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसले. दुकान बंद पडलं तेव्हा मालकांनी ‘तुम्ही आमच्या घरच्याच’ असं म्हणून डोळे पुसले आणि घरच्यांना देतात तेवढंच दिलं, म्हणजे काही नाही. आता घरात मिळवणारी मी एकटीच. अहो (नवऱ्याला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही, इथे तरी कशाला) विमा कंपनीत जोखीम मोजायचे. कोणाचं घर जळेल, कोणाची गाडी ठोकली जाईल, कोण किती जगेल. गेल्या वर्षी ते काम संगणकाला दिलं. ही जोखीम मात्र त्यांनी मोजलेली नव्हती. तेव्हापासून ते खुर्चीत बसून समोरच्या कपाटाकडे बघतात. कपाट बोलत नाही, तेही बोलत नाहीत. दोघांचं बरं जमलंय.

काळा बंडी-कोट मिळाला आहे. पँटचे खिसे शिवून बंद केलेले. मालकांचा आपल्यावर किती विश्वास आहे ते पँटवरून कळतं. टेबल सोडताना टाळी वाजवायची आणि दोन्ही तळवे वर दाखवायचे, की बघा बाबांनो, काही चोरलं नाही. वर छतात कॅमेरे, मागे साहेब. साहेबाचं नाव आम्ही ससाणा ठेवलंय. मान हलवत नाही, डोळे तेवढे फिरवतो.

खेळ साधा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते. एकवीसच्या जवळ राहील तो जिंकला, एकवीस ओलांडलं की मेला. गिऱ्हाइकाला वाटलं तर तो आणखी पत्ता मागेल, वाटलं तर थांबेल. मला वाटून घ्यायची सोय नाही. माझा एक पत्ता उताणा, एक पालथा. सगळे खेळून झाले की पालथा उलटायचा. सोळापर्यंत मला पत्ता घ्यावाच लागतो, सतराला थांबावंच लागतं. माझ्या मनात काय आहे हे विचारायला कोणी येत नाही.

हे सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, “मग लग्न झालेल्या बाईला वेगळं शिकवलं काय त्यांनी?”

आणखी एक नियम. नात्यातलं कोणी टेबलाला बसलं तर पहिला पत्ता टाकायच्या आधी हात वर करायचा. ससाणा येतो, टेबल बदलून देतो. हात वर केला नाही तर त्याच दिवशी घरी. तीन महिने परीक्षेचे आहेत. ते पार पडले की नोकरी कायम.

९ फेब्रुवारी

गिऱ्हाइकांचा सगळा जीव डबलमध्ये. पहिले दोन पत्ते बघून वाटलं तर लावले होते तेवढेच पुन्हा लावायचे. त्याबदल्यात पत्ता मिळतो एकच. तो मी आडवा ठेवते. आडवा पडला की विषय संपला. मग नवस करा की शिव्या द्या, दुसरा मिळत नाही.

कधी डबल करावं हे शंभरातल्या पाचांना कळतं. आज एक भक्कम गृहस्थ सलग हरले, कान लाल झाले आणि बारावर डबल करून बसले. समोर माझा राजा, म्हणजे दहा. मी दश्शी आडवी ठेवली. बावीस. गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांच्या लेकीला मी नाकारलं होतं. मी गोड हसले. हसण्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

१२ फेब्रुवारी

आज घरात चमत्कार. सकाळी चहा झाल्यावर मी हात बसावा म्हणून पत्ते पिसत होते. अहो कपाट सोडून माझ्याकडे बघायला लागले. आठ-दहा महिन्यांत पहिल्यांदा.

“डबल कधी करायचं गं?” म्हणाले. “गेलेलं भरून काढायला, ना?”

“सगळे तसंच समजतात. म्हणून तर कॅसिनोला संगमरवर परवडतो.”

“मग?”

“गेलेलं विसरायचं. आपले दोन पत्ते दहा किंवा अकरा होत असतील आणि समोर वाटणाऱ्याकडे कमजोर पत्ता असेल, तेव्हा करायचं. छक्की, पंजी असला काही. छक्की उताणी असली की वाटणारा अडकलेला असतो. त्याला पत्ते ओढत बसावंच लागतं, आणि ओढता ओढता तो बऱ्याचदा मरतो. त्याला थांबताच येत नाही हो.”

“म्हणजे आपण किती भारी यावर नाही. समोरचा किती अडचणीत आहे, यावर.”

“अगदी तसंच.”

“हे आमच्या विम्यासारखंच आहे,” म्हणाले, आणि हसले. हसले! मी सासूबाईंना खूण केली. त्या म्हणाल्या, “पोटात वायू झाला असेल.”

दुकानातून आणलेला बटणांचा डबा काढला आणि आम्ही बटणं लावून तासभर खेळलो. पांढरी बटणं त्यांची, काळी माझी.

१८ फेब्रुवारी

रोज सकाळी खेळतो. अहोंनी रंगीत पेन्सिलींनी तक्ता करून फ्रिजवर चिकटवला आहे. आडवे माझे पत्ते, उभे त्यांचे. डबलची घरं हिरवी. सासूबाई दूध काढायला गेल्या की म्हणतात, “माझं वय आणि समोर सूनबाई. बघ रे, डबल करू का?”

ते दाढी करायला लागलेत. मला आता माझं पुराण लांबवायचं नाही, पण लग्नानंतर पहिल्या वर्षी असे असायचे. माझी बस येईपर्यंत थांब्यावर उभे राहतात. आज विचारलं, “तुझी पाळी दुपारची, म्हणजे बारा ते आठ, नक्की ना? मधे बदलत नाही ना?”

“का हो?”

“सहज. तू दमतेस म्हणून.”

माणसाला माणसाची काळजी असली की किती बरं वाटतं.

२७ फेब्रुवारी

सासूबाईंचं वय होत चाललंय. आज म्हणतात, “त्याचा निळा शर्ट या आठवड्यात तिसऱ्यांदा धुवायला आला. घरात बसून राहणाऱ्याला एवढा घाम कसला येतो?”

म्हटलं, “आई, फिरायला जात असतील.”

“कडक इस्त्रीचा शर्ट घालून?”

मुलगा कपाटाकडे बघत होता तेव्हा चिंता. उठून बाहेर पडला, तर त्याचीही चिंता. आईलोकांना नेमकं हवं तरी काय असतं!

६ मार्च

खेळताना अहो मधेच म्हणाले, “तुमच्याकडे आठ गड्ड्या एकत्र पिसतात, नाही? मधे खोचलेला लाल पत्ता निघाला की नव्याने पिसायचे.”

हे मी त्यांना कधी सांगितलं ते आठवेना. वाचलं असेल कुठेतरी. विम्यात फुकट नाही पंचवीस वर्षं काढली. बुद्धी तल्लखच आहे, नुसती गंज धरून बसली होती.

कॅसिनोत एक नवीन गिऱ्हाईक बाई येतात, डोक्यावर मोठी हॅट. प्रत्येक पत्त्याला ‘ये बाळा’ म्हणतात. बाळं काही येत नाहीत. त्यांच्या नवऱ्याला काही पत्ता नसेल असं वाटतं. कसं समजत नाही लोकांना, रोज एका छताखाली राहून?

१३ मार्च

आज बटणांना हात लावला नाही त्यांनी. जेवलेही नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. पुन्हा कपाटाकडे बघत बसले. मी पत्ते काढले, पिसले, त्यांच्यापुढे ठेवले. तेव्हा म्हणाले,

“अकरा आले होते. समोर पंजी. आणि डबल करायला मागे काही उरलेलंच नव्हतं.”

“कधी? काल आपण खेळलो तेव्हा? तुमच्याकडे चांगली मूठभर बटणं होती की!”

“हो. बटणंच. बटणंच म्हणतोय मी.”

मग मी समजावलं. नवशिके हीच चूक करतात. असतं नसतं सगळं सुरुवातीलाच लावून टाकतात आणि खरा डाव येतो तेव्हा हात रिकामे. जेवढं लावायचं तेवढंच मागे ठेवायचं, तरच डबलला अर्थ. त्यांनी ते इतकं मन लावून ऐकलं की मलाच भरून आलं. मला इतकं मन लावून आजवर कोणी ऐकलेलं नाही. गल्ल्यावर तर सगळे सुट्टे मोजत असायचे.

१९ मार्च

अहोंनी आमची गाडी दुरुस्तीला दिली आहे. गिअरमधून आवाज येत होता म्हणे. मला कधी आला नाही, पण मी ऐकते तरी काय. मला तसंही बसनेच बरं पडतं.

अहो पुन्हा खुलले. आज सकाळी सलग जिंकले आणि एकदाही हरल्याच्या रागात डबल केलं नाही. शिष्य तयार झाला.

२ एप्रिल

गॅरेजवाला महाआळशी दिसतो, अजून गाडी नाही. कोपऱ्यावरच्या दंतवैद्याने गंमत म्हणजे अगदी आमच्यासारखीच गाडी घेतली आहे. रंग तोच. डाव्या दारावर खरचटलंयही तसंच. सासूबाईंना दाखवली तर त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “सूनबाई, तू दुकानात खोट्या नोटा पकडायचीस ना गं?”

“डोळे मिटून पकडायचे.”

“तेच तर,” म्हणाल्या आणि आत गेल्या. विषय काय, बोलतात काय.

२१ एप्रिल

ससाण्याने आज पहिल्यांदा मान हलवली. “बाई, तुमचे हात स्वच्छ आहेत. पुढच्या आठवड्यात कायमचं पत्र देऊ.” मी टाळी वाजवून तळवे दाखवले, तेव्हा वाटलं, हे तळवे कोणीतरी फ्रेममध्ये लावावेत.

घरी येऊन सांगितलं. अहो म्हणाले, “पुढच्या आठवड्यात का? म्हणजे या आठवड्यात तू अगदी जपून राहणार. काही गडबड, बोलाचाली नको.”

“नकोच. मी तर श्वाससुद्धा विचारून घेईन.”

ते विचारात पडले. माझ्यासाठी आनंद झाला की ते असे गप्प होतात.

२४ एप्रिल

लिहायला हात उचलत नाही. पण जे झालं ते कुठेतरी सरळ मांडलं पाहिजे. डोक्यात सगळे पत्ते एकदमच पडतायत.

दुपारी तीनचा सुमार. गिऱ्हाईक तुरळक. माझ्या टेबलाला हॅटवाल्या बाई एकट्या. शेजारची दोन टेबलं रिकामी, तिथल्या मुली नखं बघत उभ्या. आधी मला निळा शर्ट दिसला, मग त्यावरचं तोंड. अहो खुर्ची ओढून माझ्यापुढे बसले आणि चिप्सच्या, म्हणजे पैशांच्या चकत्यांच्या, दोन सारख्या चळती टेबलावर ठेवल्या. एक पुढे सरकवली, एक आपल्यापाशी ठेवली. माझ्याकडे बघत होते ते कोणा अनोळखी बाईकडे बघावं तसं, सौजन्याने.

नियम मला पाठ आहे. हात वर. मी काय केलं? “नमस्कार सर,” म्हटलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना सर म्हटलं.

हात का वर गेला नाही, हे मी संध्याकाळपासून स्वतःला विचारते आहे. एक म्हणजे हातात पत्ते होते. दुसरं, ससाणा पाठीशी होता आणि पत्र पाच दिवसांवर. पाच दिवसांवर असताना ‘साहेब, हा माझा नवरा, घरी बसलाय असं मी सांगत होते तो’ हे कसं म्हणायचं? तिसरं, मला वाटलं एक डाव खेळून उठतील. गंमत करायला आले असतील. दुसरीकडे जागा नसेल.

दुसरीकडे जागा होती. मी वर लिहिलंच आहे.

पहिला पत्ता पडला, आणि मग तर सगळंच संपलं. त्यांच्यापुढे छक्की, नंतर पंजी. अकरा. माझा उताणा पत्ता: छक्की.

फ्रिजवरच्या तक्त्यात याहून हिरवं घर नाही. अहोंनी एकदा पत्त्याकडे पाहिलं, दोनदा माझ्याकडे, आणि मागची चळत पुढच्या चळतीशेजारी ठेवली. मी सत्ती आडवी ठेवली. अठरा. मग माझा पालथा उलटला: दश्शी. सोळा. घ्यावाच लागतो. मला मनापासून थांबायचं होतं. का, ते माहीत नाही. जिंकले तर बरं की हरले तर बरं, तेही मला ठरवता आलं नाही. नुसतं थांबायचं होतं. बोटांनी पत्ता ओढला. नव्वी. मी मेले. ते जिंकले.

आणि अहोंनी टेबलावर थाप मारली आणि लहान मुलासारखे ओरडले, “अगं, बघ! म्हटलं नव्हतं?”

हॅटवाल्या बाई आधी हसल्या. “अगं? वा! आम्ही दीड महिना येतोय, आम्हाला कोणी अगंसुद्धा म्हणत नाही.”

अहोंचा हात तोंडाशी गेला. ससाणा दोन पावलं पुढे आला आणि अगदी हळू म्हणाला, “बाई, टाळी.”

मी टाळी वाजवली. तळवे दाखवले.

मॅनेजरच्या खोलीत पडद्यावर सगळं पुन्हा दाखवलं. मॅनेजर सभ्य माणूस. “पत्ते तुम्ही निर्मळ वाटलेत, कुठे खोट नाही. हे चित्र मी नवीन पोरांना शिकवायला दाखवीन. पण हात वर का नाही केलात?”

मग त्यांनी दुसरी चित्रं लावली. दुसऱ्या मजल्यावरची टेबलं, माझ्या पाळीच्याच वेळा, मी बसमध्ये बसल्यावर लगेचच्या. सगळ्यांत निळा शर्ट. फेब्रुवारीपासूनचा.

“तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?” त्यांनी विचारलं, आणि माझ्याबद्दल त्यांना जे वाईट वाटलं ते नोकरी जाण्यापेक्षा जास्त लागलं.

जिंकलेले पैसे रोखले, लावलेले परत दिले. आम्हा दोघांना दारबंदी. पत्र मिळालं, पण ते नव्हे.

२५ एप्रिल

आज सकाळी अहो स्वतः चहा करून घेऊन आले. उतरलेला चेहरा असेल असं वाटलं होतं. तर डोळे लकाकतायत.

“अकरा. समोर छक्की. मागे बरोबर तेवढीच चळत राखलेली. तूच सांग, कुठे चुकलं?”

“पत्त्यात काही चुकलं नाही.”

“झालं तर!”

सासूबाई दारात होत्या. “अरे, तिची नोकरी गेली.”

“नोकरी हात वर न केल्याने गेली, आई. माझ्या डबलने नाही. आणि बंदी घातली म्हणजे काय? घाबरले. ज्याला खेळता येतं त्यालाच बंदी घालतात.”

मी विचारलं, “शेजारची दोन टेबलं मोकळी होती. माझ्याच टेबलाला का बसलात?”

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “तू हात वर करणार नाहीस हे मला माहीत होतं. या आठवड्यात तर नाहीच. एवढी वर्षं संसार केलाय, तेवढंही कळणार नाही होय?”

इतक्या मायेने म्हणाले की मला धड रागही येईना. उशीर झाला म्हणून बस पकडायला उठले आणि मग आठवलं, कुठे जायचंच नाही.

८ मे

गॅरेजात जाऊन आले. तिथला मुकादम म्हणाला, “बाई, तुमची गाडी आम्ही गेल्या वर्षी पाहिली ती शेवटची.” परत येताना दंतवैद्याच्या दारातल्या गाडीच्या खरचट्यावरून बोट फिरवलं. ते मीच केलेलं, फाटकाला घासून.

सासूबाईंना म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं, मग स्पष्ट का नाही सांगितलंत?”

“माझा मुलगा आहे गं तो,” म्हणाल्या. “माझा हात तरी कुठे वर जातोय?”

नदीपलीकडे दुसरा कॅसिनो आहे. अहो आता तिथे जातात. उघड जातात, डबा घेऊन. मी पेपरातल्या जाहिराती बघते. गल्ल्यावरच्या कामाला पस्तिशीच्या आतली हवी. जुन्या मैत्रिणींना फोन केले. सगळ्यांना आधी काय झालं ते सविस्तर ऐकायचं असतं, मग जागा नसते.

एकदा त्यांना रडून सांगितलं की बस झालं. त्यांनी माझं डोकं थोपटलं, अश्रू पुसायला रुमाल दिला, आणि म्हणाले, “या वेळी तक्ता पक्का आहे.” भांडणाऱ्याशी भांडता येतं. थोपटणाऱ्याचं काय करायचं?

१७ मे

नदीपलीकडच्या कॅसिनोतून निरोप आला. ससाण्याने म्हणे माझं नाव सुचवलं. हात स्वच्छ आहेत, असं कळवलं. परवा बोलावलंय.

अहोंना सांगितलं तर चहाचा कप तसाच खाली ठेवला. “तिथे नको.”

“का?”

“तिथे नियम कडक आहे. टेबलापुरतं नाही. वाटणाऱ्याच्या घरच्यांना दारातूनच बंदी. तू तिथे लागलीस तर मला आत जाता येणार नाही. माझं काम चालू आहे तिथे.”

“काम?”

“मग काय म्हणू? तू दुसरीकडे बघ ना. तुला कुठेही मिळेल.”

“आणि घर?”

“थोडे दिवस. एक चांगला डाव आला की...” ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यांना वाटलं असेल, पुढचं मला कळतं.

सासूबाई कपडे वाळत घालत होत्या. शर्ट झटकताना जरा जास्तच जोरात झटकला त्यांनी.

१९ मे

गेले. मुलाखत घेणारी बाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. म्हणाली, “हात बघू.” मी आठ गड्ड्या पिसल्या, पाच जागी पत्ते वाटले, डबल आलं तिथे आडवा ठेवला, टाळी वाजवून तळवे दाखवले. तिने मान डोलावली.

“घरातलं कोणी इथे खेळायला येतं?”

पंख्याचा आवाज येत होता. आता नाही म्हटलं तर परवा नाहीतर तेरवा ते माझ्या टेबलाला येऊन बसणार, सौजन्याने. हो म्हटलं तर त्यांना दारातून परत पाठवणार. खिडकीतून बाहेरची रांग दिसत होती. रांगेत निळा शर्ट आहे का ते मी बघितलं नाही. खरंच बघितलं नाही.

“येतात,” म्हटलं. “माझे यजमान.” आणि नाव सांगितलं. हे नाव मी तोंडाने उच्चारलं, हेसुद्धा बहुधा पहिल्यांदाच.

तिने फोन उचलून दारावरच्या माणसाला ते सांगितलं. मला सोमवारपासून यायला सांगितलं. परीक्षा पुन्हा तीन महिन्यांची.

२० मे

अहो काल दुपारी दोनलाच घरी आले. दारावर अडवलं म्हणाले. खूप लोकांसमोर. मी म्हटलं, “नाव मी दिलं.” दडपून ठेवायची ताकदच नव्हती. वाटलं, आता तरी ओरडतील. मला त्यांचं ओरडणं हवं होतं. काहीतरी फुटेल, काहीतरी नव्याने सुरू होईल. सासूबाई हातातली भाजी तशीच ठेवून उभ्या होत्या.

ते ओरडले नाहीत. चप्पल जागेवर ठेवली, हात धुतले, जेवले. रात्रभर काही बोलले नाहीत, आणि त्या गप्प राहण्याला मी खुळी पश्चात्ताप समजले. आज सकाळी फ्रिजवरचा तक्ता त्यांनी काढला तेव्हा तर मी सासूबाईंचा हातच धरला.

त्यांनी तक्त्याची नीट चौपदरी घडी केली, ती निळ्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि मला विचारलं, “तो तिसरा कॅसिनो, बंदराकडचा. तिकडे कसं जायचं गं?”

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी काही बोलणार नव्हते. शपथेवर सांगते, नव्हते.

“दोन बस बदलाव्या लागतात,” मी म्हटलं. “दुसरी फार वेळाने येते. काहीतरी खाऊन निघा.”